समुद्रात तेल किती सांडलं, हे मोजतं कोण?

लकडीपूल | शनिवार, सकाळी ८.१०

पावसाळ्यात दिवेआगरला गेलो होतो. पोरांचे पाय समुद्रातून वाहून आलेल्या तेलाच्या चिकट डांबरगोळ्यांनी बरबटले, तेव्हा जिथे उतरलो होतो त्या काकूंनी काही न बोलता खोबरेलाची बाटली आणि चिंध्या पुढे केल्या. मे संपला की दाराशी ठेवलेल्याच असतात म्हणे. तेव्हापासून डोक्यात आहे की हे येतं कुठून आणि याच्यावर लक्ष कोण ठेवतं. थोडं वाचलं. जाणकारांनी भर घालावी म्हणून धागा काढतोय.

कागदावरची व्यवस्था अशी आहे. तेलगळतीसाठीची राष्ट्रीय आपत्कालीन योजना १९९६ पासून लागू आहे. खुल्या समुद्रात तटरक्षक दल प्रमुख. बंदराच्या हद्दीत बंदराने बघायचं, तेलविहिरींच्या फलाटांभोवती तेल कंपनीने. तेल वाळूला लागलं की किनारा साफ करायचं काम राज्य सरकारचं. गळतीच्या पातळ्या तीन: ७०० टनांपर्यंत पहिली, ७०० ते १०,००० टन दुसरी, त्याच्या वर तिसरी. पहिल्या पातळीचं ज्याचं त्याने निस्तरायचं.

मी धंद्याने ऑडिटर. आकडा दिसला की पहिला प्रश्न, हा दिला कुणी? आणि इथे पहिला आकडा देतं जहाज, जहाजाचा एजंट किंवा बंदर. त्यावर पातळी ठरते, पातळीवर यंत्रणा किती हलायची ते ठरतं, आणि पुढे भरपाईच्या भांडणातही तोच आकडा फिरत राहतो. चोरालाच पंचनामा लिहायला बसवल्यासारखं आहे हे.

उदाहरण एन्नोरचं. २८ जानेवारी २०१७ ला पहाटे चेन्नईजवळच्या कामराजर बंदराबाहेर बीडब्ल्यू मेपल आणि डॉन कांचीपुरम ही जहाजं एकमेकांवर आदळली. त्या दिवशी बंदराचं निवेदन आलं की तेल सांडून पर्यावरणाची हानी वगैरे काही झालेली नाही. त्यानंतर कित्येक दिवस विद्यार्थी, मच्छीमार आणि जवान बादल्यांनी काळा गाळ उपसत होते. ते फोटो तुम्हीही पाहिले असतील.

तर प्रश्न असा: सांडणाऱ्याच्या शब्दावर अवलंबून न राहता तेल मोजणारा आपल्याकडे कुणी आहे का?

नाना खवचट | ८.४२

पुण्याला समुद्र कधी आला? खडकवासल्यातून पाणी सोडलं की सिंहगड रोडला येतो तेवढाच आम्हाला माहीत.

लकडीपूल | ८.५५

नाना, समुद्र नसला तरी समुद्राचं कोर्ट पुण्यात आहे. हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ कौन्सिल हॉलसमोरच्या नव्या प्रशासकीय इमारतीत बसतं. महाराष्ट्र, गुजरात, गोवा आणि दमण-दीव-दादरा नगर हवेली एवढा मुलूख त्याच्याकडे आहे. म्हणजे कच्छपासून काणकोणपर्यंत कुणाच्याही दारात तेल आलं तरी कज्जा यायचा तो तुमच्या पेठेपासून रिक्षाच्या अंतरावर. शिवाय मुंबईहून पेट्रोल-डिझेलची पाइपलाइन लोणी काळभोरला येते आणि पुढे सोलापूरकडे जाते. धागा पुण्याचाच आहे.

नाना खवचट | ९.०१

रिक्षावाला कौन्सिल हॉलला यायला तयार झाला तर.

चीफसाहेब | ९.३५

इंजिनरूममध्ये आयुष्य गेलं, आता बावधनला असतो. डांबरगोळ्यांबद्दल आधी सांगतो, कारण सगळे मोठ्या अपघातांबद्दल बोलतात आणि रोजचं राहून जातं.

इंजिनरूमच्या तळाला पाणी आणि तेल मिसळून साचतं, त्याला बिल्ज म्हणतात. जहाजांच्या प्रदूषणावरच्या आंतरराष्ट्रीय मार्पोल करारानुसार ते तेल-पाणी वेगळं करणाऱ्या सेपरेटरमधूनच बाहेर सोडायचं आणि त्यात तेलाचं प्रमाण १५ पीपीएमच्या (दहा लाखांत १५ भाग) वर जाऊ द्यायचं नाही. टँकरच्या टाक्या धुतलेल्या पाण्याला नियम वेगळा. किनाऱ्यापासून ५० सागरी मैलांच्या पलीकडे, जहाज चालू असताना, मैलामागे ३० लिटरपर्यंत तेल, आणि एका फेरीत एकूण मालाच्या तीस हजाराव्या भागापर्यंत. अडीच लाख टनांच्या टँकरला हे आठ टनांच्या वर जातं. नियम पाळून, बरं का.

आता नियम न पाळणाऱ्यांचं. सेपरेटर नीट चालवायचा तर वेळ जातो, फिल्टर महाग, गाळ बंदरात उतरवायचा तर पैसे मोजावे लागतात. मग काही जहाजांवर सेपरेटरला वळसा घालून थेट समुद्रात जाणारी नळी जोडतात. तिला मॅजिक पाइप म्हणतात. रात्री चालवायची, बंदर जवळ आलं की खोलून ठेवायची, जोडाच्या फ्लँजवर रंग मारायचा. ऑइल रेकॉर्ड बुकात मात्र सगळं चोख. लकडीपूल, हे पुस्तक तुम्हाला आवडेल. प्रत्येक नोंदीला अधिकाऱ्याची सही, प्रत्येक पानाला कॅप्टनची.

अमेरिकेत हे प्रकार पकडले जातात, कारण खबर देणाऱ्या खलाशाला दंडाच्या निम्म्यापर्यंत रक्कम द्यायची सोय त्यांच्या कायद्यात आहे. २०१६ मध्ये प्रिन्सेस क्रूझला चार कोटी डॉलरचा दंड ठरला. सुरुवात कुठून, तर जहाजावर नव्याने आलेल्या एका इंजिनिअरने पाइप पाहून तक्रार केली तिथून. आपल्या पोरांना तोंड उघडलं तर पुढचं कॉन्ट्रॅक्ट मिळेल का हीच धास्ती असते. त्यांना दोष देववत नाही.

सिंहगडप्रेमी | १०.१०

धाग्याचा सूर नेहमीचाच दिसतोय, सरकार काहीच करत नाही. जरा दुसरी बाजू. तटरक्षक दलाची प्रदूषण नियंत्रण केंद्रं मुंबई, चेन्नई, पोर्ट ब्लेअर आणि गुजरातमधल्या वाडीनारला आहेत. समुद्र प्रहरी, समुद्र पहरेदार, समुद्र पावक ही खास याच कामासाठी बांधलेली जहाजं आहेत, जवळपास शंभर मीटर लांबीची. दर एक-दोन वर्षांनी राष्ट्रीय सराव होतो, २०२२ ला गोव्याला झाला, २०२३ ला वाडीनारला. मे २०२५ मध्ये कोचीजवळ एमएससी एल्सा ३ बुडालं तेव्हा जहाजावरचे चोवीसच्या चोवीस लोक वाचवले. भर वादळी हवेत. घरात बसून टीका करणं सोपं असतं.

लकडीपूल | १०.२२

सिंहगडप्रेमी, तटरक्षक दलाबद्दल मी एक वाकडं अक्षर लिहिलेलं नाही. उलट त्यांना सुरुवातीलाच खोटा आकडा मिळाला तर जहाज उशिरा निघणार आणि शिव्या त्यांनाच बसणार. माझं भांडण आकड्याशी आहे.

रडारवाला | ११.४०

उपग्रहांच्या प्रतिमांवर काम करतो, म्हणून तेवढ्यापुरतं सांगतो.

तेलाचा तवंग शोधायला मुख्यतः रडारचे उपग्रह वापरतात. वाऱ्याने पाण्यावर बारीक तरंग उठतात, त्यांच्यामुळे रडारची लहर परत फिरते आणि पाणी उजळ दिसतं. तेल ते तरंग दाबून टाकतं, त्यामुळे तवंग काळा दिसतो. ढग असोत, रात्र असो, फरक पडत नाही. आपला २०१२ चा रिसॅट-१ आता बंद झालाय, पण ईओएस-०४ २०२२ चा आहे, युरोपचे सेंटिनेल-१ आहेत, आणि जुलै २०२५ मध्ये निसार गेला. सेंटिनेलच्या प्रतिमा कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. सेनापती बापट रोडवर चहा पीत लॅपटॉपवर बॉम्बे हायचं तेलक्षेत्र बघता येतं.

पण गोम आहे. वारा फार कमी असेल तर तरंगच नसतात, सगळंच काळं दिसतं. वारा सेकंदाला दहा-बारा मीटरच्या वर गेला तर लाटा तेल घुसळून टाकतात, काहीच दिसत नाही. जून-जुलैत अरबी समुद्रावर वारा कसा असतो हे वेगळं सांगायला नको. म्हणजे ज्या दिवसांत डांबरगोळे किनाऱ्याला लागतात, नेमकं त्याच दिवसांत रडारला दिसणं अवघड होतं. शिवाय शेवाळाचे थर, माशांचं तेल, पावसाची सर, हेही काळंच दिसतं. माणसाने नजर टाकावीच लागते.

युरोपात सागरी सुरक्षा संस्था २००७ पासून क्लीनसीनेट चालवते. प्रतिमेत संशयास्पद डाग दिसला की अर्ध्या तासाच्या आसपास त्या देशाला निरोप जातो, मग विमान पाठवून खात्री करतात, आणि जवळून गेलेल्या जहाजांची यादी एआयएसवरून, म्हणजे जहाजांची जागा कळवत राहणाऱ्या यंत्रणेवरून, काढतात. आपल्याकडे हैदराबादची इन्कॉइस ही संस्था तवंग वाहत कुठे जाईल याचा अंदाज देते, आणि चांगला देते. पण तिला जागा आणि प्रमाण भरावं लागतं. प्रमाण कुठून येतं? पुन्हा लकडीपूल यांच्या प्रश्नावर.

मोजायचं म्हटलं तर डोळ्यांनीही बरंच मोजता येतं. उत्तर समुद्राभोवतालच्या देशांचा बॉन करार आहे, त्यांनी तवंगाच्या रंगावरून जाडी ठरवलीय. चंदेरी झाक असेल तर चौरस किलोमीटरला ४० ते ३०० लिटर. इंद्रधनुषी असेल तर ३०० ते ५,००० लिटर. धातूसारखी चमक म्हणजे ५,००० ते ५०,०००. विमानातून फोटो घ्या, क्षेत्रफळ काढा, गुणाकार करा. किमान आणि कमाल असे दोन आकडे मिळतात. ढोबळ आहे, पण कॅप्टनच्या शब्दावर अवलंबून नाही.

मधुरा_ह्यूस्टन | रात्री ८.१५

इकडे सकाळ झालीय. रडारवाला, फार छान लिहिलंत. वाचनखूण साठवली.

लकडीपूल यांनी जो मुद्दा काढलाय त्याचं सगळ्यात ढळढळीत उदाहरण इथेच आहे. २००४ च्या सप्टेंबरात इव्हान चक्रीवादळामुळे लुइझियानाजवळ टेलर एनर्जी कंपनीचा फलाट आडवा झाला आणि खालच्या विहिरींतून तेल झिरपत राहिलं. कंपनी सांगत राहिली, दिवसाला जेमतेम तीन-चार गॅलन. सरकारकडे नोंद होत होती ती बरीचशी कंपनीच्याच अहवालांवरून. उपग्रहाच्या प्रतिमा पाहणाऱ्या स्वयंसेवी गटांनी आणि पत्रकारांनी आरडाओरडा केला. शेवटी २०१९ मध्ये तिथल्या कोस्ट गार्डने स्वतःच कंत्राटदार नेमून समुद्रतळाशी तेल गोळा करणारं यंत्र बसवलं. त्यात दिवसाला हजार गॅलनच्या घरात तेल जमायला लागलं. पंधरा वर्षं! तीन गॅलन आणि हजार गॅलन.

दुसरं, कॅलिफोर्निया, ऑक्टोबर २०२१. हंटिंग्टन बीचजवळ समुद्राखालची पाइपलाइन फुटली, अंदाजे २५,००० गॅलन तेल गेलं. पहिल्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला गळतीचा अलार्म वाजला. संध्याकाळी लोकांनी वास येतोय, तवंग दिसतोय म्हणून कळवलं. पहाटे दोनच्या पुढे नोआ या तिथल्या सरकारी हवामान-समुद्र संस्थेने उपग्रहात काळा डाग दिसल्याचं कळवलं. पाइपलाइन पूर्ण बंद झाली सकाळी सहाला. रात्रभरात अलार्म पुन्हापुन्हा वाजत होता आणि नियंत्रण कक्षातली माणसं तो खोटा समजून पंप पुन्हा सुरू करत होती. उपग्रह, अलार्म, नागरिक, तिन्ही हजर. तरी पाइपलाइन बंद व्हायला सकाळ उजाडली.

नाना खवचट | ८.३१

अमेरिकेचं नाव अजून कसं निघालं नाही याची काळजीच लागली होती.

मधुरा_ह्यूस्टन | ८.३४

काका, शिव्या घालायला काढलंय, कौतुकाला नाही!

शेंगदाणा_चिक्की | ८.५०

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

नाखवा | रविवार, सकाळी ७.०५

आमचं गाव उरणच्या बाजूला. नोकरीला हडपसरला. वडील आणि चुलते अजून दर्यावर जातात.

७ ऑगस्ट २०१० ला एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ मुंबईच्या तोंडाशी धडकली. आठशे टनांच्या आसपास तेल आणि शेकडो कंटेनर पाण्यात. काही कंटेनरांत कीटकनाशक होतं. बंदर काही दिवस बंद. त्याच्या पुढच्याच वर्षी, ४ ऑगस्ट २०११ ला, रॅक कॅरिअर मुंबईपासून वीसेक सागरी मैलांवर बुडालं. साठ हजार टन दगडी कोळसा आणि इंधनाचं तेल घेऊन. ऑगस्ट महिना बघा. पावसाळ्यातली मासेमारीबंदी संपून नारळी पौर्णिमेला होड्या बाहेर काढायच्या वेळेला दोन्ही वर्षी तेल. बाजारात मुंबईची मासळी नको म्हणायला लागले लोक. मासे चांगले होते तरी कुणी हात लावीना.

तुम्ही सगळे पाण्यावरच्या तेलाबद्दल बोलताय. आमचं नुकसान तिवरांत होतं. तिवरांची मुळं श्वास घ्यायला चिखलातून वर आलेली असतात, त्यांच्यावर तेल बसलं की झाड हळूहळू मरतं. साफ करायला माणसं आत घातली तर पायांनी तेल आणखी खोल चिखलात जातं. खाडीतली निवटी, चिंबोरी, कालवं सगळं तिथलंच. खडपावर कालवं फोडणाऱ्या बायका होडीच्या मालक नसतात, मच्छीमार सोसायटीच्या सभासद नसतात. त्यांच्या नुकसानाला कागदच नाही. पंचनामा होतो तो होडीचा आणि जाळ्याचा. डोलीचं जाळं तेलाने भरलं तर निदान दाखवता येतं. महिनाभर खडपावर जाता आलं नाही, हे कशात दाखवायचं?

तेव्हा टन मोजा, जरूर मोजा. पण ७०० टनांखाली म्हणजे लहान गळती, हे खाडीत येऊन सांगा.

चीफसाहेब | ७.५०

नाखवा, पटलं. रॅकवर इंधनतेल २९० टन आणि डिझेल ५० टन होतं. एल्सा ३ वर फर्नेस ऑइल ३६७ आणि डिझेल ८४. नुसते टन धरले तर जहाजावरचं सगळंच्या सगळं सांडलं असतं तरी दोन्ही प्रकरणं ७०० च्या आतलीच. जड फर्नेस ऑइलचे ५० टन खाडीत आणि डिझेलचे ५० टन भर समुद्रात यांची तुलनाच होत नाही. डिझेल एक-दोन दिवसांत बरंचसं उडून जातं. फर्नेस ऑइल पाण्यात मिसळून फुगतं, मूळच्या दुप्पट-तिप्पट होतं आणि चिकटून बसतं.

आता मूळ प्रश्नाचं उत्तर. जहाज तरंगत असेल तर मोजणं अवघड नाही. प्रत्येक टाकीला साउंडिंग पाइप असतो, टेप सोडून पातळी घेतात. तेल भरल्याची बंकर डिलिव्हरी नोट असते, इंजिन रोज किती खातं ते लॉगमध्ये असतं. भरलेलं वजा जळलेलं वजा उरलेलं. ऑडिटच आहे ते. अडचण ही की जहाजावर सगळ्यात आधी टेप घेऊन पोहोचतो जहाजमालकांच्या विमा क्लबचा सर्व्हेअर. तो हुशार असतो, पण त्याचा पगार कुणाकडून येतो ते उघड आहे. सरकारी सर्व्हेअर त्याच दिवशी, त्याच्या शेजारी उभा राहून साउंडिंग घेईल तर निम्मं भांडण संपतं.

जहाज बुडालं तर मात्र 'जास्तीत जास्त इतकं' एवढंच सांगता येतं. रॅकमधून तासाला एक-दोन टन सुटतंय असं तेव्हा सांगत होते. तो अंदाज होता, मोजमाप नव्हे.

सिंहगडप्रेमी | ८.२०

शेजारी उभा राहायला सर्व्हेअर पुरेसे हवेत ना. हेलिकॉप्टरने न्यायचे का?

चीफसाहेब | ८.२६

हो. तटरक्षक दलाची हेलिकॉप्टरं तिथे घिरट्या घालतच असतात. एक सीट.

शिवाजीनगर_कोर्ट | १०.४५

कायद्याच्या बाजूने थोडं, कारण वर भरपाईचा विषय निघालाय.

टँकरमधला तेलाचा माल सांडला तर १९९२ चा आंतरराष्ट्रीय भरपाई निधी आहे. भारत त्याचा सदस्य आहे आणि मर्यादा २०.३ कोटी एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), म्हणजे रुपयांत दोन हजार कोटींच्या वर. पण मुंबई आणि कोचीच्या ज्या जहाजांची नावं वर आली त्यांतलं एकही टँकर नव्हतं. चित्रा आणि एल्सा कंटेनरची जहाजं, खलिजिया आणि रॅक सुट्या मालाची. त्यांच्या इंधनाच्या गळतीला तो निधी लागू होत नाही. मालकाच्या आणि त्याच्या विमेकऱ्याच्या मागे लागायचं.

रॅकचा निकाल वाचण्यासारखा आहे. मुंबईतल्या एका पर्यावरण कार्यकर्त्याने अर्ज केला होता. ऑगस्ट २०१६ मध्ये, बुडाल्यावर पाच वर्षांनी, हरित न्यायाधिकरणाने जहाजाच्या मालक कंपन्यांना १०० कोटी आणि कोळसा ज्यांचा होता त्यांना ५ कोटी भरायला सांगितलं. जहाज समुद्रात जायच्या लायकीचंच नव्हतं असा ठपका ठेवला. न्यायाधिकरणाच्या कायद्याच्या कलम २० मध्ये 'प्रदूषण करील तो भरील' हे तत्त्व आहे आणि कलम १७ प्रमाणे अपघाताच्या नुकसानीत दोष सिद्ध करायची गरज नाही. पण मालक परदेशी, एका जहाजाची एक कंपनी, आणि ते जहाज समुद्राच्या तळाला. वसुली कशातून करणार?

केरळने एल्सा प्रकरणात शहाणपणा केला. उच्च न्यायालयात ९,५३१ कोटींचा दावा लावला आणि त्याच समूहाचं दुसरं जहाज विळिंजम बंदरात अडकवून ठेवलं. पुढे न्यायालयाने हमीची रक्कम बरीच खाली आणली, तो भाग वेगळा. पण हमी मिळेपर्यंत जहाज हलू द्यायचं नाही, हे हत्यार चालतं. जहाज बंदरात आहे तोवरच.

नाखवा यांना: कलम १५ खाली भरपाईचा अर्ज घटनेपासून पाच वर्षांत करता येतो. कलम १४ खालच्या, पर्यावरणाच्या इतर वादांना मात्र सहाच महिने. लोक सहा महिने साहेबांकडे हेलपाटे घालतात आणि मुदत जाते. कालवंवाल्या बायकांच्या नुकसानाला कागद नाही म्हणता, तर ग्रामपंचायतीच्या ठरावात दर हंगामाला खडपावर जाणाऱ्यांची नावं आणि साधारण विक्री आधीच लिहून ठेवा. नुकसान व्हायच्या आधी. नंतर केलेल्या याद्यांवर समोरचा वकील पहिला हल्ला करतो.

नाखवा | ११.१०

हे काम करण्यासारखं आहे. गावात बोलतो.

मधुरा_ह्यूस्टन | रात्री ९.०५

सफाईबद्दल एक. यंत्रांनी तेल परत गोळा करता येतं हा समज बराचसा खोटा आहे. २०१० च्या डीपवॉटर होरायझनला विहीर ८७ दिवस वाहत होती, हजारो बोटी कामाला होत्या. सरकारच्याच अंदाजाप्रमाणे पाण्यावरून खरवडून काढलं ते ३ टक्के, जाळलं ते ५ टक्के. सर्वसाधारणपणे समुद्रात दहा-पंधरा टक्के तेल परत मिळालं तरी चांगलं मानतात. त्यामुळे 'सफाई पूर्ण झाली' असं जेव्हा जाहीर होतं तेव्हा उरलेलं कुठे गेलं, हा हिशेबही मागायला हवा. त्या अपघातानंतर इथे खाणपट्टे देणारं, त्याचा महसूल गोळा करणारं आणि तपासणी करणारं एकच खातं होतं ते मोडून तिघांत वाटलं. तरी २०२१ च्या सरकारी लेखापरीक्षणात असं निघालं की समुद्राखालच्या पाइपलाइनींवरची देखरेख अजून ढिलीच आहे, आणि वापरातून काढलेल्यांपैकी ९७ टक्के तळाशी तशाच सोडून दिल्यात.

लकडीपूल | ९.२०

परवाना देणारा आणि तपासणारा वेगळा हवा, हे कुठल्याही ऑडिटमधलं पहिलं कलम. आपल्याकडे बंदराच्या हद्दीत बंदरानेच तेल सांडलं का ते बघायचं आणि बंदरानेच साफ करायचं. बंदर बंद राहिलं तर दिवसाला नुकसान कुणाचं? बंदराचं. एन्नोरचं पहिल्या दिवसाचं निवेदन मग नवल वाटत नाही.

नाना खवचट | ९.४१

एवढं वाचल्यावर आता खवचटपणा न करता विचारतो. आमच्या वाड्यामागच्या गॅरेजवाल्याने काळं ऑइल गटारात ओतलेलं रोज बघतो. ते मुठेत, पुढे भीमेत, उजनीत. त्याची पातळी कुठली?

शिवाजीनगर_कोर्ट | ९.५८

नाना, त्याला पातळी नाही, नियम आहे. वापरलेलं तेल घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत येतं, आणि एप्रिल २०२४ पासून तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर ते परत गोळा करून शुद्ध करण्याची जबाबदारी टाकलीय. तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. काळ्या तेलाला भाव मिळतो, ते ओतणारा खरं तर पैसे ओततोय. हे त्याला सांगून बघा, कायद्याआधी त्याचाच उपयोग होईल.

मनाली_वाकड | सोमवार, दुपारी १.१५

सगळा धागा एका दमात वाचला. पुढच्या शनिवारी हरिहरेश्वरला चाललोय. तिथे तेल किंवा गोळे दिसले तर आमच्यासारख्यांनी नक्की काय करायचं? फोटो काढून टाकला तर उपयोग होतो का?

रडारवाला | १.५०

होतो, पण फोटोबरोबर वेळ आणि जीपीएसवरचे अक्षांश-रेखांश लिहा. गोळ्याशेजारी रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो. किनाऱ्याची साधारण किती लांबी भरलीय ते पावलांनी मोजा. ओलं, चकाकणारं तेल किंवा पाण्यावर तवंग दिसत असेल तर तटरक्षक दलाला १५५४ वर लगेच फोन करा, तो चोवीस तास चालू असतो. वाळलेले गोळे असतील तर प्रदूषण मंडळाच्या विभागीय कार्यालयाला लेखी कळवा आणि पोच घ्या.

नमुना आणलात तर सोन्याहून पिवळं. प्रत्येक भागातल्या खनिज तेलात काही रेणूंचं प्रमाण ठरलेलं असतं, त्यावरून ते कुठलं हे प्रयोगशाळेत जुळवता येतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने किनाऱ्यावरचे गोळे असे तपासलेत. काहींचं मूळ बॉम्बे हायच्या तेलाशी जुळलं, काहींचं येणाऱ्या-जाणाऱ्या टँकरच्या टाक्या धुतलेल्या तेलाशी.

मनाली_वाकड | १.५८

नमुना कशात आणायचा? प्लास्टिकची पिशवी चालेल?

चीफसाहेब | २.२०

प्लास्टिक नको, त्यातलेच पदार्थ तेलात उतरतात. काचेची बरणी घ्या, झाकणाच्या आतून ॲल्युमिनियमची फॉइल लावा, हात न लावता स्टीलच्या चमच्याने उचला, बरणीवर तारीख-वेळ-जागा लिहा आणि अंधारात, थंड ठेवा. आणि कृपा करून लोणच्याची बरणी नेऊ नका. कितीही घासली तरी तेल राहतंच, आणि तपासात गळती तुमच्या सासूबाईंच्या स्वयंपाकघरातून झाल्याचं निघायचं.

मनाली_वाकड | २.२६

जॅमची रिकामी आहे. ती नेते.